आहाराचं सत्र घ्यायचंय? नव्या कार्यकर्त्यांसाठी पायरीपायरीने

नव्याने रुजू झालेली अंगणवाडी सेविका, उमेद अभियानाची सीआरपी (बचत गटांसोबत काम करणारी गावातलीच कार्यकर्ती), आहारशास्त्राची इंटर्न किंवा एमएसडब्ल्यूचा (समाजकार्याचा) विद्यार्थी, यांच्या वाट्याला कधी ना कधी हे काम येतंच: 'उद्या गटाची बैठक आहे, तिथे पोषणावर अर्धा तास बोला.' सोबत एक फ्लिपचार्ट मिळतो. प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे असा तो उलटत गेलं की अर्धा तास भरतो. रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात, अहवालासाठी फोटो निघतो. बायका घरी जातात आणि संध्याकाळी रोजचाच स्वयंपाक करतात.

यात बायकांचा दोष नाही. वीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला तुम्ही परीक्षेचा धडा शिकवलात. मोठं माणूस शिकतं ते आज घरी गेल्यावर काही कामाला येणार असेल तर, आणि आपल्याला आधीपासून जे ठाऊक आहे त्याला जोडून. प्रौढशिक्षणावर लिहिणारे अमेरिकेतले माल्कम नोल्स हेच मांडत आले. आपल्याकडे जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० साली गावांच्या आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा गावागावांतल्या निरक्षर बायका आरोग्यसेविका म्हणून उभ्या राहिल्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात परतून तेच आपल्या बोलीत सांगत. तेव्हा 'यांना कळणार नाही' हा विचार मनात असेल तर तो घरी ठेवूनच निघा.

आधी एक खूळ बाजूला ठेवू

प्रशिक्षणात तुम्हाला बहुधा सांगितलं जाईल की शिकणारे तीन-चार प्रकारचे असतात: बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून शिकणारे आणि हाताने करून शिकणारे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास अशी प्रश्नावली लोकप्रिय केली. ऐकायला पटणारी गोष्ट आहे. पण ज्याचा जो प्रकार त्याला तसंच शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून लिहिलं. 'ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के' हा तक्ताही प्रत्येक प्रशिक्षणात भिंतीवर दिसतो. तो एडगर डेल यांच्या नावावर खपतो. त्यांच्या १९४६ च्या मूळ आकृतीत एकही टक्केवारी नव्हती.

म्हणून बायकांचे प्रकार पाडत बसू नका. पद्धत ठरते ती विषयावरून. बाळाची पेज किती घट्ट हवी हे चमच्याने उचलूनच कळतं. लोहाच्या गोळीने मळमळ होते त्याचं काय करायचं, हे जिने मळमळ सोसून गोळ्या पूर्ण केल्या तिच्या तोंडून ऐकावं. मीठ किती, हे घरच्या पुड्याच्या हिशेबातून समजतं. तिन्ही गोष्टी सगळ्यांनाच लागतात.

फरक असतात, पण ते वेगळे. कुणाला वाचता येत नाही. कुणाला चाळिशी लागलीय आणि चष्मा नाही. कुणाला कमी ऐकू येतं. कुणाची घरची बोली पावरी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी आहे आणि तुमची पुस्तकी मराठी तिला अर्धीच कळते. कुणाच्या हातात स्वयंपाक आहे पण पैसे नाहीत, तर कुणाच्या हातात दोन्ही नाही, कारण घरात सासूबाईंचं चालतं. तुमची तयारी या फरकांसाठी हवी.

पहिली पायरी: एकच विषय, एकच कृती

'संतुलित आहार' हा सत्राचा विषय होऊ शकत नाही, तो वर्षभराचा कार्यक्रम आहे. उद्या कोण येणार ते सेविकाताईंना विचारा. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळांच्या आया असतील तर 'बाळाला डाळीचं पाणी नाही, घोटलेली डाळ द्यायची' एवढंच घ्या. गरोदर बायका असतील तर 'लोहाची गोळी चहासोबत नाही'. पन्नाशीच्या बायका असतील तर मीठ.

कृती एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि घरात आहे त्या सामानात उद्या सकाळी करता आली पाहिजे. 'आहारात विविधता आणा' ही कृती नाही. 'रोजच्या खिमटात मूठभर शेवग्याचा पाला चिरून टाका' ही आहे.

दुसरी पायरी: आधी बाजार, मग चूल

सत्राच्या आधी आठवडी बाजारात एक चक्कर मारा. मेथीची जुडी कितीला, अंडं कितीला, सुकट आहे का, कोणती डाळ सुटी मिळते. पावसाळा असेल तर टाकळा, कुरडू, करटोली बांधावर फुकट मिळतात. त्या दिवसांत पालकाचं चित्र दाखवण्यात अर्थ नाही. रेशनवर काय मिळतं, अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराची पाकिटं येतात का आणि ती खरोखर कोण खातं, हेही बघा. बऱ्याच घरांत ती बाळाऐवजी सगळ्यांत वाटली जातात. यावर चिडू नका. ज्या घरात चार पोरं आहेत तिथे दुसरं काय होणार?

मग दोन-तीन घरी जा. 'भाजी खाता का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत, सांगा बरं' असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. 'चहा. मग शेतावर. दुपारी भाकरी-चटणी. परत चहा. रात्री डाळ-भात, उरलं ते.' या 'उरलं ते' मध्ये तुमच्या अर्ध्या सत्राचा विषय असतो.

घरातली एक वाटीही मोजून घ्या. बाळाच्या आहाराच्या पत्रकातली वाटी बहुतेक २५० मिलीची धरलेली असते आणि घरातली कितीची हे घरावर अवलंबून. एकदा मापाच्या भांड्याने पाणी ओतून बघितलं की तुम्ही 'अर्धी वाटी' म्हणता तेव्हा नेमकं काय सांगताय ते तुम्हालाच कळेल.

तिसरी पायरी: वेळ त्यांची

लावणी, कापूस वेचणी, ऊसतोड या काळात सकाळचं सत्र म्हणजे रिकामी चटई. साधारण दुपारी जेवणं उरकल्यावर, पाण्याची वेळ टाळून बसा. दहा-पंधराजणी पुरे. चाळीस जमल्या तर ते भाषण होतं. गोलात बसा, तुम्हीही खालीच. लहान मुलं येणारच, त्यांच्यासाठी कोपऱ्यात पाटी-खडू ठेवा, नाहीतर अर्ध्या आयांचं लक्ष तिकडेच राहील.

चौथी पायरी: प्रत्यक्ष सत्र

मी तरी फ्लिपचार्ट शेवटपर्यंत पिशवीतच ठेवते. सुरुवातीला अंगणात रांगोळीने दहा गोल काढा आणि प्रत्येकात खरा पदार्थ ठेवा: भाकरी किंवा भात, डाळ, शेंगदाणे-तीळ, दूध-ताक, मासे-मटण (सुकट चालेल), अंडं, हिरवी पालेभाजी, लाल भोपळा किंवा गाजर, इतर भाजी, इतर फळ. बायकांच्या आहारातली विविधता मोजताना जगभर हेच दहा गट धरतात आणि दिवसात निदान पाच यावेत असं बघतात. हे आकडे सांगायची घाई नको. प्रत्येकीला दहा खडे द्या. 'काल ज्यातलं खाल्लंत त्यात एक-एक खडा टाका.'

पाच मिनिटांत अंगण बोलायला लागतं. भाकरीच्या गोलात ढीग, डाळीत बरेच, अंड्याच्या आणि फळाच्या गोलात दोन-तीन. कोणता खडा कुणाचा हे कुणालाच कळत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे. 'काल कोणी दूध प्यायलं, हात वर करा' म्हणालात तर जिच्या घरी दूध येत नाही तिची मान खाली जाते आणि पुढच्या वेळी ती येत नाही. इथे वाचता न येणारी, बोलायला लाजणारी, कमी ऐकू येणारी, सगळ्या सारख्याच सामील होतात. मग गप्प बसा. 'आमच्याकडे कोंबड्या आहेत गं, पण अंडी विकतो' असं कुणीतरी म्हणेलच. चर्चा तिथून सुरू होते.

त्यानंतर हाताचं काम. बाळाच्या आहाराचा विषय असेल तर शिजवलेली तुरीची डाळ न्या. वरचं पाणी एका वाटीत काढा, खालची डाळ घोटून दुसरीत. एकेकीला बोलवून दोन्ही वाट्यांत चमचा बुडवायला आणि तिरपा करायला सांगा. पाणी ओघळून जातं, घोटलेली डाळ चमच्यावर राहते. विचारा, 'बाळाचं पोट एवढंसं. यातलं कोणतं भरावं?' उत्तर तुम्ही देऊ नका. 'डाळ जड जाते, म्हणून पाणी देतो' असं कुणी म्हणालं तर तो खरा अडथळा सापडला. मऊ शिजवलेली, घोटलेली डाळ सहा महिन्यांनंतर पचते. बाळाचं एका वेळचं खाणं दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीवर, नवव्यापासून दिवसाला तीन-चार वेळा, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. हे आकडे तुमच्यासाठी. एकदम सगळे सांगितलेत तर चमच्यावर राहिलेली डाळसुद्धा विसरली जाईल.

लोहाच्या गोळीचं सत्र वेगळं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमच्या समोरच्या गोलात निम्म्याहून अधिक जणींना तो असण्याची शक्यता आहे, आणि गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच पडलेली असू शकतात. लोखंडी कढईत कोरा चहा उकळून दाखवा. तो काळाकुट्ट होतो. चहातला तुरट अंश लोहाला धरून बसतो. पोटात दोन्ही एकदम गेले तरी तेच, आणि मग ते लोह अंगी लागत नाही. म्हणून गोळी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवायचं. लिंबू पिळलेलं जेवण चांगलं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून टाका, कारण तेवढ्या भीतीनेही गोळ्या बंद होतात. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन बघा, तरी थांबली नाही तर एएनएमताईंना (आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताईंना) विचारा. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० दिवस, हा हिशेब पाकिटं समोर मांडून करा. म्हणजे किती शिल्लक राहिल्यात ते डोळ्यांना दिसतं.

मिठाचं सत्र मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात नुसता व्यवहार आहे. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. विचारा, 'तुमच्याकडे किती दिवस पुरतो?' पुडा महिनाभरही पुरत नाही हे त्या स्वतःच मोजतात, आणि लोणचं, पापड, वेफर्स यांतलं मीठ तर अजून धरलेलंच नाही. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही पुडा किती दिवसांनी आणावा लागतो ते पाठ असतं.

पाचवी पायरी: अडचण बोलू द्या

कृती ठरली की विचारा: 'घरी गेल्यावर हे करताना काय आडवं येईल?' हा प्रश्न गाळू नका. उत्तरं येतील: नवरा चिडतो, सासूबाईंना पटत नाही, सकाळी सहाला निघावं लागतं, पैसे नसतात. यांतल्या काहींना गटातच उपाय सापडतो. झारखंड आणि ओडिशात 'एकजुट' संस्थेने गावातल्या बायकांच्या गटांतून अशाच गोष्टी आणि चित्रांच्या बैठका घेतल्या. बायकांनी आपले प्रश्न आपणच निवडले आणि उपायही ठरवले. त्या भागातले नवजात मृत्यू लक्षणीय घटले, हे २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं आहे.

'पैसे नाहीत' याचं उत्तर मात्र भाषणाने देऊ नका. तिथे माहिती द्यायची: रेशनकार्डावर नाव चढलंय का, अंगणवाडीत नोंद आहे का, आदिवासी भागात असाल तर अमृत आहार योजनेचं गरोदर आणि स्तनदा मातांचं जेवण मिळतंय का, मातृ वंदना योजनेचा अर्ज भरलाय का. बदाम आणि सफरचंद हे शब्द सत्रात उच्चारूच नयेत असं माझं मत आहे. ते उच्चारले की ऐकणारीला वाटतं, पोषण म्हणजे पैसेवाल्यांचं काम.

त्यापेक्षा शेजारच्याच घरी बघा. व्हिएतनाममध्ये १९९० च्या सुमारास 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेचे जेरी स्टर्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब गावांत एक साधा प्रश्न विचारला: तितक्याच गरिबीत कुणाची मुलं धडधाकट आहेत? त्या घरांत भातशेतीतले बारीक झिंगे-खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात जात होता, आणि मुलांना दिवसातून जास्त वेळा भरवत होते. इतर घरं तेच मुलांना योग्य नाही म्हणून टाकत होती. पालघरला किंवा कोकणात जवळा, सुकट, चिंबोऱ्या यांबाबत हाच प्रश्न विचारून बघा. मग बोलायचं काम त्या आईला द्या.

सासूबाई, पुरुष आणि मोबाइलवाल्या

सासूबाई सत्रात असतील तर त्यांना विरोधी पक्ष करू नका. 'आजी, तुमच्या वेळी बाळंतिणीला काय काय द्यायचे?' विचारलं की डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, असं सगळं बाहेर येतं. त्यातलं बरंचसं उत्तमच असतं. त्यांच्याच तोंडून हे वदवून घ्या, सुनेला घरी बळ मिळतं.

काही समजुतींशी भांडावं, काहींशी नाही. पिकलेली पपई गरोदरपणी चालते. पण ती खायला घरात कुणी तयार नसेल तर सोडून द्या, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला आहेच. चिकाचं दूध काढून टाकणं, जन्मल्यावर मध चाटवणं, 'बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल' म्हणून गरोदर बाईने कमी खाणं, या तीन गोष्टींवर मात्र माघार नको. तिथेही सगळ्यांसमोर 'हे चूक आहे' म्हणू नका. सत्र संपल्यावर घरी जाऊन, सासू-सून दोघी असताना बोला.

पुरुषांसाठी वेगळी बैठक घ्या, पारावर किंवा दूध डेअरीत, पंधरा मिनिटांची. तिथे खर्च आणि मजुरी यांच्या भाषेत बोललेलं पोचतं: रोज विकल्या जाणाऱ्या अंड्यांतलं एक घरात ठेवलं तर महिन्याला किती रुपये कमी येतात, आणि पोर आजारी पडून एक फेरी दवाखान्यात झाली तर किती जातात.

तरुण मुलींना व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, पण तुमच्याच गटातल्या बाईने केलेल्या खिमटाचा. मोबाइल बहुधा नवऱ्याकडे असतो, हे लक्षात ठेवून आवाजी निरोपही जोडा. बोली वेगळी असेल तर गटातलीच एखादी दुभाषी होते. तिला आधी दहा मिनिटं देऊन विषय समजावून सांगा, नाहीतर ती तुमचं भाषण दोन वाक्यांत उरकेल. तेही काही वेळा बरंच असतं म्हणा.

सहावी पायरी: कळलं का, असं विचारायचं नाही

'कळलं का?' या प्रश्नावर सगळ्या माना डोलतात. त्याऐवजी म्हणा, 'मावशी, आज ज्या आल्या नाहीत त्यांना तुम्ही हे कसं सांगाल? सांगून दाखवा.' तिने सांगितलं ते तुम्ही सांगितलेलं नसेल, तर तुमचं सांगणं चुकलं असं समजा आणि पुन्हा करा. मग प्रत्येकीने पुढच्या आठवड्यात करायची एक गोष्ट मोठ्याने म्हणायची. इथे फ्लिपचार्ट काढायचा असेल तर काढा. आत्ता चित्र बघितलं की ते ओळखीचं वाटतं.

आठवडाभराने दोन-तीन घरी जेवणाच्या वेळी जा. विचारण्यापेक्षा बघा: वाटी किती भरली, डाळ घट्ट आहे का, बाळाला कोण भरवतंय. वहीत तारीख, घर आणि काय दिसलं एवढंच लिहा. 'करत नाही' असं लिहू नका, का जमलं नाही ते लिहा. पुढच्या सत्राचा विषय त्याच वहीत सापडतो.

कुठे थांबायचं

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब यांवर औषध घेणाऱ्या माणसाला स्वतःहून पथ्य सांगू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तुमचा 'भरपूर डाळ, भरपूर पालेभाज्या' हा सल्लाही बाधू शकतो. अशांना डॉक्टरांकडे पाठवा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर पट्टीवर लाल, म्हणजे ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर सत्र बाजूला ठेवा. त्याच दिवशी सेविका आणि एएनएमला गाठा आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज वाटली तर तिथून ते पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतील. ११.५ ते १२.५ म्हणजे पिवळा. त्या घरी पुढच्या भेटीला लवकर जा आणि आईला पुन्हा एकदा चमचा तिरपा करायला सांगा.